गोदामाच्या भिंतीवरचा रोवणा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली. गावात माझं मेडिकल आहे. अंगात आलं म्हणणाऱ्यालाही मी आधी बीपी तपासायला पाठवतो. त्यामुळे हे लिहायला लाज वाटतेय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचं गाव गोंदियाहून दवनीवाड्याकडे जाताना लागतं. रस्त्यालगत सोसायटीचं जुनं धान गोदाम आहे आणि त्याच्या भिंतीभर माझ्या वडिलांनी रंगवलेला रोवणा, म्हणजे धानाची लावणी — ओणव्या बाया, हातात रोपांचे परे, पुढ्यात लावलेलं हिरवं, पाठीमागे नुसतं पाणी. रोवणा तसाच चालतो, बाया लावत लावत मागे सरकतात. बाबांच्या हातचं एवढंच उरलंय.

रस्ता रुंद होणार, गोदाम पाडणार असं कळलं आणि आईनं जेवण सोडलं. मग गावानं मनावर घेतलं. भिंत वाचवायचा अर्ज मी केला, गावानं सह्या जमवल्या, बांबूला झाडू बांधून शेवाळ घासलं, भिंत धुतली. पाहणीला आलेल्या साहेबांना चित्र जुनं असल्याचा पुरावा हवा होता. आईनं पेटीतून फोटो काढून दिला : चित्र पूर्ण झालं त्या दिवशीचा, बाबा ब्रश घेऊन भिंतीपुढे उभे.

साहेबांनी फोटो बघितला, भिंत बघितली. "भाऊ, ये तो अलग पेंटिंग है. बाद में किसीने बनाया है."

माझं डोकंच फिरलं. फोटो त्यांच्या हातातून ओढून घेतला, अन्... फोटोत बाया डाव्या धुऱ्यापाशी, शेताच्या बांधाला लागून होत्या, बाकी बांधी, म्हणजे सगळं खाचर, पाणीच पाणी. भिंतीवर त्याच बाया, तीच लुगडी, एकीचा तोच फाटका पदर — पण पार उजव्या धुऱ्याला टेकत आलेल्या. मधलं सगळं हिरवं.

शेजारचा भाऊराव म्हणाला, "काऊन रे, आपण रोज पाहून राहिलो ना? कोनाले दिसलं कसं नाही?"

कोणी पुन्हा रंगवलं म्हणावं, तर परांची बांधल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, आणि परांची काय गावात लपते? शिवाय डावीकडचे पोपडे निघालेत, तिथे हिरव्याखाली सरळ चुना आहे. जुन्या बायांचा टिपूसही नाही.

साहेब "दूसरा प्रूफ लाओ" म्हणून गेले. दुसरा पुरावा आमच्याकडे नाही.

आई भिंतीपुढून हलेना. मी विचारलं, "तुले हे माहीत होतं का?"

"मले कायचं माहीत, बाप्पा!" तिचे डोळे भरले होते. उजव्या धुऱ्याजवळ उरलेली पाण्याची बारीक पट्टी ती बघत होती. "वाचव तू भिंत, मी नाही म्हनत नाही. पन रोवना आटोपल्यावर बाया बांधीत थांबतेत का रे?"

अजूनही मला काही कळलेलं नाही, तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. अर्ज मात्र मी मागे घेतलेला नाही.