खोट्या पानांवरून

कागद आधीच टाइप करून आणलेला होता, म्हणजे निकालही लागलेला होता. ‘ढोबळी मिरचीच्या पेरणीत माझ्या हातून दुसरं बी मिसळलं गेलं. मला चूक मान्य आहे.’ खाली सहीसाठी ठिपक्यांची ओळ. तिने तो दोनदा वाचला, टेबलावर ठेवला आणि हातातला चिमटा त्यावर आपटला.

त्या चिमट्यावरूनच काचघरातल्या बायका तिला चिमटाबाई म्हणत. मागे नव्हे, तोंडावर म्हणत आणि ती ओ देई. बारीक बी ती बोटाने कधी उचलत नसे. चिमट्याने एकेक दाणा घ्यायचा, कुंडीच्या बरोबर मध्यावर बोटाचं अर्धं पेर खोल भोक पाडायचं, दाणा सोडायचा, माती लोटायची. सत्तावीस वर्षं रोपवाटिकेतलं पेरणीचं टेबल तिच्याकडे होतं. जीभही चिमट्याच्याच जातीची होती, हे तिला ओळखणारा कुणीही सांगेल. तिच्या रागाला घरचे वैतागले होते, पण तिचं रोप मेलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

झालं होतं ते असं. दारालगतच्या बाकांवर मिरचीच्या नऊशे कुंड्या होत्या. मिरची उगवली आणि तिच्याबरोबर भलतीच रोपं उगवली. लालसर दांडा, दोन जाडसर गोल पानं. कुठे एक, कुठे तीन, कुठे एकही नाही. नवा व्यवस्थापक धावत आला. आठ महिन्यांपूर्वी तो इथे आला होता, आणि बोलताना दर तिसऱ्या वाक्यात आपलं शिक्षण काढत असल्यामुळे बायकांनी त्याचं नाव पदवीधर ठेवलं होतं. त्याने फोन काढून रोपांचे फोटो घेतले. फोनने आधी पालक सांगितलं, मग सूर्यफूल. पदवीधराने दोन्ही लिहून घेतलं आणि ठरवलं की बाईने पुड्यांची गल्लत केली, वय झालं.

“सही करा मावशी,” तो म्हणाला. “घरातली गोष्ट आहे, घरातच राहील.”

“मी तुमची मावशी नाही. आणि घरातली असती तर कागद कशाला काढला असतात?”

त्याने शांतपणे सांगितलं, की पुढच्या शनिवारी मालकीणबाई येणार आहेत, त्यांच्यापुढे कागद सहीनिशी हवा. नाहीतर पेरणीचं टेबल दुसरीला देऊन तिला मागच्या शेडमध्ये कुंड्या धुवायला बसवावं लागेल. आणि ती उपरी रोपं दुपारच्या आत उपटून टाका.

तिचं डोकं भणाणलं ते याच शेवटच्या वाक्याने. कुठलंही रोप उगवताना आधी जी दोन पानं काढतं, त्यांना काचघरात खोटी पानं म्हणतात. शंभर जातींची खोटी पानं एकमेकींसारखी दिसतात. तिसरं पान खरं. तिसरं येईपर्यंत अनोळखी रोप उपटायचं नाही, हा नियम तिनेच घातलेला, आणि इतकी वर्षं तो कुणी मोडला नव्हता. हा मात्र खोट्या पानांवरून माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळा झाला, वर पुरावाही उपटायला सांगतोय.

बायकांनी रोपं उपटली; न उपटून सांगतात कुणाला. पण पाणी घालायचं काम तिच्या धाकट्या जावेकडे होतं. जावेने चार कुंड्या गुपचूप पेरणीच्या टेबलाखाली सरकवल्या आणि पुढे पोतं लावलं. एवढं धाडस करून वर म्हणाली, “जाऊबाई, ऐका माझं. सही करून टाका. धुण्याचं काम काय वाईट आहे? बसून तर करायचं.”

“मग तू बस,” ती म्हणाली.

घरी नवऱ्याने तेच सांगितलं, जरा गोड शब्दांत. तो आयुष्यभर टपालाच्या खिडकीत बसून निवृत्त झाला होता आणि कुठल्याही कागदावर सही करण्यात त्याला काही विशेष वाटत नसे. रागाने कुणाचं भलं झालंय, तुझंच रक्त आटेल, म्हणाला. तिने त्याच्यापुढे ताट आदळलं. “तुमचं आटत नाहीये ना? मग जेवा गप्प.”

पण जेवताना तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. पुड्यांची गल्लत झाली नव्हती, हे तिला ठाऊक होतं. गल्लत झाली असती तर मध्यावर मिरची उगवलीच नसती. मिरची प्रत्येक कुंडीत होती, मध्यावर, एकेक. उपरी रोपं कडेला होती, वरच्यावर, जणू कुणी फेकल्यासारखी. हे तिने पदवीधराला दोनदा सांगून पाहिलं. त्याने मान हलवली, जशी लहान मुलांच्या गोष्टींना हलवतात.

बुधवारी तिसरं पान उलगडलं आणि ती चक्रावली. हिरव्या पानावर पांढऱ्याशुभ्र शिरा, खडूने आखल्यासारख्या. असं पान तिने या काचघरात कधी पाहिलं नव्हतं. तिने चारांतलं एक रोप बळी द्यायचं ठरवलं. दांडा मोडला, तर पांढरा चीक टपकला. तिने हात आधी धुतले, मग काचघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. चिकाची झाडं इथे फार नव्हतीच. दोन जातींचा चीक तिला पाठ होता, तो हा नव्हता. राहिली दारातली तीन मोठी झाडं. पदवीधराने पहिल्याच महिन्यात कुठल्याशा प्रदर्शनातून आणून शोभेला मांडलेली. त्यांना पाणीही तो स्वतःच घाली. तिने एक पान खुडलं. चीक आला. पण पान साधं, हिरवंगार. पांढऱ्या शिरांचा पत्ता नाही.

ती तिथेच उभी राहिली, स्वतःवरच चिडून. तेवढ्यात शेजारच्या काचेवर टक् असा आवाज झाला. मग आणखी एक. तिसऱ्या वेळी तिला दिसलं. झाडावरचं एक इवलंसं बोंड तडकलं होतं आणि त्यातला दाणा थेट मिरचीच्या बाकावर जाऊन पडला होता. झारी घेऊन मागून आलेल्या जावेने खाली वाकून दाराच्या रुळाकडे बोट दाखवलं. रुळातल्या मातीत दोन लालसर दांडे उभे होते. फरशीच्या भेगेत तिसरा.

संध्याकाळी घरी जाताना तिने त्यातल्या एका झाडावर मलमलचं फडकं बांधलं. सकाळी फडक्यात अकरा दाणे होते, करडे आणि खडबडीत. टेबलाखालच्या एका कुंडीत खोट्या पानाच्या टोकाला टोपीसारखं टरफल अजून अडकलेलं होतं. तेही करडं आणि खडबडीत. आणि शिरांचं कोडंही मग तिला सुटलं. मांजराच्या पिल्लाचे निळे डोळे मोठेपणी बदलतात, तसं हे झाड थोराड झालं की पांढऱ्या शिरा टाकून देत असणार.

शुक्रवारी दुपारी तिने पदवीधराला टेबलाशी बोलावलं. तीन कुंड्या, फडकं, टरफल. शेवटी त्याला दारापर्यंत चालवत नेऊन भेग दाखवली.

“फरशीतही मीच पेरलं का?”

त्याने फोन काढला, यावेळी पांढऱ्या शिरांच्या पानाचा फोटो घेतला. फोनने एक लांबलचक परदेशी नाव सांगितलं. तेच नाव त्याच्या मोठ्या कुंडीला लावलेल्या चिठ्ठीवर होतं, त्याच्याच अक्षरात. कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, ठीक आहे, विषय संपला, आणि जुना कागद फाडायला घेतला. तिने कागदावर हात ठेवला.

“फाडू नका. खाली लिहा.”

त्याने उभ्याउभ्या लिहिलं, ‘बी मिसळण्यात कोणाचीही चूक नाही.’

“मिसळण्यात?” ती म्हणाली. “म्हणजे मिसळलं, फक्त मला माफ केलं. बी मिसळलंच नाही. तसं लिहा. आणि कोणाचीही कशी नाही? झाड कोणी आणून दारात ठेवलं तेही लिहा.”

“मालकीणबाईंना वाचायला बरं दिसणार नाही.”

“माझं वाचायला बरं दिसत होतं वाटतं.”

मागे पाण्याची झारी थांबली होती. बायका वाकून काम करत असल्याचं दाखवत होत्या. त्याने ओळ खोडली आणि नव्याने लिहिलं, बी मिसळलेलं नाही, दारातलं झाड, तडकणारी बोंडं, झाड आणणाऱ्याचं नाव, सही, तारीख. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं. मग चिमट्याच्या टोकाने एका अक्षरावर टिचकी मारली.

“बी दीर्घ असतं.”

त्याने ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली आणि कागद घेऊन ऑफिसात गेला. जाऊ जवळ येऊन काही गोड बोलणार होती, तिने हातानेच गप्प केलं. जिंकल्याचा आनंद वगैरे तिला काही झाला नव्हता. सत्तावीस वर्षांनंतर हे सिद्ध करायला लागलं, याच्याच कळा डोक्यात येत होत्या. मिरचीची पुढची खेप पेरायची होती, पण एवढ्या रागात एकेक दाणा चिमट्यात धरायचा नाही, हेही तिचंच तत्त्व होतं. तिने पुडी बाजूला ठेवली, चाळणी ओढली आणि जोरजोरात माती चाळायला घेतली.