मोठ्या अक्षरांची पुस्तकं

चांगुणाबाईंना पुस्तकाचं वेड लागलं ते नकाशामुळं. माहेर पाथर्डी तालुक्यातलं. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला जायचे आणि ही चुलतीकडं राहायची, कोपऱ्यात बसून रडायची. शाळेत एक जाडजूड नकाशासंग्रह होता. गुरुजींनी त्यात पाथर्डी दाखवली, मग तिचं बोट धरून कारखान्याच्या गावापर्यंत नेलं. मधे वीतभरसुद्धा जागा नव्हती. त्या दिवशी पोरगी न रडता जेवली.

पुढं ती शिक्षिका झाली. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळांवर तिची सगळी नोकरी गेली. नवरा रंभाजी एसटीच्या डेपोत मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर दोघांनी राजूरलाच घर बांधलं आणि एका भिंतीला बाईंची पुस्तकं लागली. कादंबऱ्या होत्या, आत्मकथनं होती, शब्दकोश होता, आणि खालच्या फळीवर आडवा ठेवलेला मोठा नकाशासंग्रह. रंभाजीला वाचनाची गोडी नव्हती, पण बायको वाचत बसली की तो चहा करून तिच्याशेजारी गुपचूप ठेवायचा.

मग ओळीच्या मधोमध एक धुरकट डाग दिसायला लागला. संगमनेरच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. म्हणाले, पडदा झिजलाय. कडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू जाईल.

"नंबर बदलून भागणार नाही का?"

"नाही, बाई."

येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. रंभाजीनं दोनदा पाणी विचारलं, तिनं मान हलवली.

लेक दीपा पुण्यात नोकरीला. ती पुढच्याच रविवारी टॅब घेऊन आली. "आई, यात अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं. बघ." तिनं एक खुनाची कादंबरी उघडून दिली. आणि खरंच, बाईंना वाचता आलं! अक्षर वाढवलं की ओळी आपोआप लहान व्हायच्या, पण गोष्ट काही अडायची नाही. कुठंही मोडा, ती पुढं चालतच राहायची. संध्याकाळी त्या ओरडल्या, "अहो, खून कुणी केला ते मला कळलंय!"

"मंग सांग की."

"आत्ता न्हाई. शेवटी खोटं ठरलं म्हणजे?"

रंभाजी कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. त्या पावसाळ्यात बाईंनी कादंबऱ्यांवर कादंबऱ्या वाचल्या.

मग त्यांनी दीपाला टॅबवर नकाशे टाकायला सांगितलं. पाथर्डी मोठी केली, तर नुसती पाथर्डीच दिसली. आजूबाजूला काय आहे ते पडद्याबाहेर गेलं. लहान केली, तर सगळं त्या डागात बुडालं. बोटानं सरकवत सरकवत त्या पश्चिमेला निघाल्या आणि कुठल्याशा निळ्या रंगात येऊन थांबल्या. धरण आहे की समुद्र, कळेना. शेवटी कागदाचा नकाशासंग्रह जमिनीवर पसरला, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघितलं. हिरवे-पिवळे डाग दिसले. नाव एकही नाही.

फोनवर त्या म्हणाल्या, "दीपा, गोष्टीचं पुस्तक यात चांगलं चालतं. पण ज्यात इकडंतिकडं बघावं लागतं, मागंपुढं जावं लागतं, ते न्हाई चालत गं."

"मग जे चालतंय ते वाच ना, आई."

लेक मायेनंच बोलली होती. तरी बाईंनी फोन ठेवला तो पुन्हा आठवडाभर उचलला नाही.

दरवर्षी वर्षावासात वस्तीतल्या विहारात ग्रंथ वाचायचा मान त्यांचा. यंदा त्या टॅब घेऊन गेल्या. समोर बायका छापील ग्रंथ उघडून बसलेल्या. एकीनं विचारलं, "बाई, कोणतं पान?" बाईंच्या टॅबात पानांचा आकडा भलताच. त्यांनी बोलायला मान वर केली, तेवढ्यात अंगठा लागला आणि मजकूर कुठल्या कुठं पळाला. शोधला, सापडेना. शेजारची सून रेश्मा जवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, मी वाचते. तुमी बसा निवांत."

कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्या विहारात गेल्या नाहीत. बोलवायला आलेल्या बायकांना रंभाजीनं सांगितलं, तिला बरं न्हाई.

डाग वाढत गेला, तशी अक्षरंही वाढवावी लागली. शेवटी पडद्यावर दोनतीनच शब्द मावायला लागले. वाक्य संपेपर्यंत कोण बोलत होतं तेच विसरायला व्हायचं. खुनाच्या गोष्टीसुद्धा गेल्या. दीपानं मग टॅबलाच वाचायला लावलं, कानात घालायला बिनवायरचा इअरफोन दिला. तो आवाज मेल्याचं आणि बारशाचं एकाच सुरात सांगायचा. ऐकता ऐकता बाईंचा डोळा लागायचा, आणि जाग येईपर्यंत गोष्ट भलतीकडंच गेलेली असायची. मागं न्यायचं बटण त्यांना दिसायचं नाही. रंभाजी खटपट करायचा, "ह्ये दाबू का त्ये?" आणि पुस्तकच बंद व्हायचं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणायच्या.

दिवाळीत दीपा आली. "ऐकतेस ना गं आई?"

"ऐकते की. छान चाललंय."

दीपा समाधानानं पुण्याला परतली.

एका दुपारी बाई ओट्यावर बसल्या होत्या, कानात इअरफोन, हात मांडीवर. रंभाजी चहा घेऊन आला. "काय लागलंय आज?" त्यानं विचारलं. त्यानं त्यांच्या एका कानातला इअरफोन काढून आपल्या कानाला लावला. आत काहीच वाजत नव्हतं. टॅब तर घरात पलंगावर बंद पडला होता.

"लोक येतात, बोलत बसतात," बाई रस्त्याकडं तोंड करून म्हणाल्या. "डोळ्यांचं विचारतात. हे कानात असलं की न्हाई विचारत."

रंभाजीनं इअरफोन पुन्हा त्यांच्या कानात घातला, नीट बसला का ते बोटानं चाचपलं, आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला.