त्याने कॅसेट थांबवली

त्याचं नाव मी विचारलंच नाही. पालीच्या बाजारात तो रेडिओ दुरुस्त करायचा, एवढंच माहीत.

आईला ऑपरेशनसाठी कोल्हापूरला नेत होते. रत्नागिरीतून निघता निघता एका माणसाने मस्कतहून भावाने पाठवलेला वॉकमन आणून दिला, आत भावाच्या आवाजाची कॅसेट. तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. आईला कमी ऐकू यायचं. हेडफोनमधलं तिला काही कळेना. गाडीच्या स्टिरिओत कॅसेटचा कप्पा मोडलेला. मी ऐकून सांगते म्हटलं, तर म्हणाली, "वाईट असेल ते तू लपवशील. मला ऐकायचंय, नाहीतर गाडी मागे फिरव."

म्हणून वाटेत पालीत थांबलो. तीन महिने मुलाचं पत्र नाही, हे आईने त्या रेडिओवाल्याला सांगून टाकलं. त्याने स्टिरिओ बाहेर काढला, हेडफोनची वायर कापली, टोकं दातांनी सोलली आणि स्टिरिओच्या आतल्या तारांना डाख देऊन जोडली.

"वायच थांबा आजी, आता बोलेल तो."

बटण दाबताच गाडीभर भावाचा आवाज आला, "आई..."

त्याने लगेच कॅसेट थांबवली. "लागला आवाज. पुढचं तुमच्या घरातलं. मी पलीकडे जातो."

रस्त्यापलीकडे तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी पुन्हा बटण दाबलं. भावाचा हात मोडला होता, म्हणून पत्र नव्हतं. आता हात जुळला होता.

आई रडली, मग खिडकीतून ओरडली, "बरा आहे हो माझा मुलगा!"

तेव्हा कुठे तो वळला. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला, की वाटलं, इतका वेळ तोही घाबरूनच उभा होता.