सिग्नलवरची बिर्याणी

बेळ्ळंदूरच्या एका टॉवरच्या तळघरात, गाड्या लावून उरलेल्या कोपऱ्यात परसूचं इस्त्रीचं टेबल आहे. माणूस निपाणीकडचा. मराठी बोलता बोलता कन्नडात शिरतो आणि परत कधी बाहेर आला ते त्याचं त्यालाही कळत नाही. गावात होता तेव्हा भजनात टाळ धरायचा. इथं टाळ सुटला, पण शर्टाच्या पाठीवरून इस्त्री ओढताना तोंडात काहीतरी चाललेलंच असतं. पोरगा गेल्यापासून तर जास्तच.

पोरगा म्हणजे रोशन. लोकांना घरपोच जेवण पोचवायच्या कामावर होता. त्या दिवशी आई तव्यापासून ओरडत राहिली, ‘जेवून जा’ म्हणून, आणि हा ‘आलो, आलो’ म्हणत गाडीला किक मारून गेला. दुपारी रिंग रोडवर पाण्याच्या टँकरनं चाकाखाली घेतला त्याला.

आई, म्हणजे परसूची बायको धनलक्ष्मी, जवळच्या एका पीजीत चपात्या लाटते. परक्यांची पोरं ताटं भरभरून नेतात आणि आपलं उपाशी गेलं, हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. लाटता लाटता लाटणं मध्येच थांबतं, एवढंच.

त्याच टॉवरमध्ये वर राहणारा प्रणीत एकदा शर्ट न्यायला आला आणि परसूचं पुटपुटणं ऐकत उभा राहिला. पोरगा पुण्याचा, कंपनीत नोकरीला.

“काका, हे तुम्ही रचलंय?”

“रचलं कसलं. तोंडात येतंय.”

“शनिवारी आमचा मराठी ओपन माइक असतो, इथंच कॅफेत. या ना! एकदम ऑथेंटिक आहे हे.”

परसू गेला. इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून, परीक्षेला बसल्यासारखा. माइक पुढं आला तसे डोळे मिटले आणि टेबलावर म्हणायचा तसंच म्हणाला:

‘रोशन्या लेका, जेवून जा की रं,
आई चपाती टाकलीया, फुगालीया की रं.
दुसऱ्याची बिर्याणी पाठीवर घेऊन
उपाशी कुठं निघालास की रं.’

पहिल्या ‘की रं’लाच कुणीतरी फिसकन हसलं. या पोरांनी असली बोली सिनेमातल्या गड्याच्या, नाहीतर टीव्हीवरच्या विनोदवीराच्याच तोंडी ऐकलेली. तसलं बोलणारा माणूस माइकवर आला म्हणजे हसवायलाच आला असणार.

परसू पुढं सांगत गेला. ‘फोन केलो तर पोलीस उचलला, तू कोण म्हणून मलाच विचारला.’ मग तिथं पोचल्यावर पोलिसानं पोराचा फोन बापाच्या हातात दिला आणि तेवढ्यात तो वाजला. गिऱ्हाईक होतं. माझी ऑर्डर कुठं आहे? अजून किती वेळ? ‘मी म्हणालो, येतंय साहेब, स्वल्प थांबा.’

कॅफे हशानं कोसळला. लोक टेबलं बडवायला लागले. प्रणीतची मैत्रीण स्मिता डोळे पुसत आली. “कसलं टायमिंग आहे हो काका! आणि त्या ॲपवाल्यांची काय जिरवलीय!”

घडलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं होतं त्यानं. त्या दिवशी तोंडातून तेवढंच आलं होतं, आणि त्यावर माणसं हसत होती. परसूचे कान गरम झाले. निघून जावं असं वाटलं, पण मागून पोरं ओरडली, “रोशन्या! रोशन्या!” आणि पाय जागीच राहिले. पोरगा गेल्यापासून ओळखीची माणसं ते नाव टाळत होती, विषय बदलत होती. इथं अख्खी खोली त्याच्या पोराला हाका मारत होती.

पुढच्या शनिवारी तो न बोलावता गेला.

मध्ये एकदा प्रणीत खाली आला. चेहरा जरा ओढलेला.

“काका, एक विचारू? तो रोशन खरा नाही ना? म्हणजे, मी तुमची रील टाकतोय. खरं काही असेल तर फार ऑकवर्ड होईल.”

परसूला सगळं दिसलं. ‘व्हय’ म्हटलं की हसणं बंद. हसणं बंद झालं की बोलावणं बंद, आणि नाव परत गप.

“खरं कुठलं, साहेब. मला पोरगंच न्हाई.”

“थँक गॉड,” म्हणाला प्रणीत, आणि आणखी दोन शर्ट टाकून गेला.

त्यानंतर परसूची जीभ सैल सुटली. नसलेल्या पोराचं काहीही सांगता येतं. हशा कमी पडला की तो रोशनला थोडा आणखी बावळट करायचा. असाच एका शनिवारी त्यानं सिग्नल रचला. लाल दिवा लागलाय, रोशन्या गिऱ्हाइकाचा डबा उघडतोय, दोन बोटांनी बिर्याणी हाणतोय, हाड मागच्या गाडीवाल्याला देतोय आणि टेपला थुंकी लावून डबा परत बंद करतोय. हा तुकडा इतका चालला की लोक त्याच्यासाठीच यायला लागले. खऱ्या पोरानं जन्मात कुणाच्या डब्याला हात लावला नव्हता.

घरी मात्र त्यानं सांगितलं होतं, “पोराचं ऐकून माणसं रडत्यात.”

“मग मी बी येतो,” धनलक्ष्मी म्हणाली.

“तिथं कुठं येतीस? सगळी इंग्लिश बोलणारी.”

“रडतानी इंग्लिशमधनं रडत्यात व्हय?”

त्यानं टाळलं, पुन्हा टाळलं. शेवटी एका शनिवारी तो माइकसमोर उभा असताना दार ढकलून ती आत आली. थेट पीजीतून. कोपराला कणीक तशीच, दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसली.

परसूनं तिला पाहिलं. चपातीवरच थांबायचं ठरवलं त्यानं. पण खालून सुरू झालं, “बिर्याणी! बिर्याणी!” सगळ्यांत मोठा आवाज प्रणीतचा. परसूनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा पोरांकडं. आणि सांगितली बिर्याणी. लाल दिवा, दोन बोटं, हाड, थुंकी. इतकी रंगवून कधीच सांगितली नव्हती. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. धनलक्ष्मी त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

संपल्यावर स्मितानं तिला गाठलं. “तुम्ही काकांच्या मिसेस ना? घरी पण असंच हसवतात?”

“आणि स्वतःला मूल नसताना बापाचं इतकं भारी लिहिलंय, काकू!” प्रणीत म्हणाला. “मानलं पाहिजे.”

धनलक्ष्मीनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा जमिनीकडं बघत होता.

बाहेर उजेड होता अजून. रिंग रोडवर गाड्या तुंबल्या होत्या. ती पुढं, हा मागं. आता बोलेल, आता चप्पल काढेल, म्हणून परसू वाट बघत चालला होता.

“मूल न्हाई म्हणून सांगितलासा?”

“...व्हय.”

ती चार पावलं पुढं गेली. मग वळली. “तो खाल्ला व्हय ओ?”

“काय?”

“बिर्याणी. मला वाटत होतं उपाशी पोटानंच गेलं लेकरू. ह्यो घास आत जाईना झालता माझ्या, आणि तुम्ही चार लोकांत सांगालासा, मला न्हाई! कोण सांगितलं तुम्हाला?”

परसूनं तोंड उघडलं. तिच्या तोंडावर काय आलं होतं ते त्यानं पाहिलं.

“महांतेश. त्याचा दोस्त. मागच्या गाडीवर त्योच होता.”

“चिकन होतं का मटण?”

“मटण.”

“किती खाल्ला?”

परसू जरा थांबला. माइकवर याच जागी थांबायचा तो.

“अर्धा डबा.”

“आणि थुंकी लावून...” म्हणता म्हणता तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून, रस्त्याच्या कडेला वाकून ती हसत राहिली, कॅफे जिथं हसायचा नेमकं तिथंच. परसूनं तिचं हसू ओसरू दिलं, आणि मग पुढची ओळ घेतली.