देशभरात बांगडा वाढला

माझी धाकटी जाऊ कोकणातली. तिच्या वडिलांची मासेमारीची होडी होती. दिवाळी झाली की त्यांच्याकडून थर्माकोलचा डबा आमच्या गावी, भूमला यायचा, आत बर्फात बांगडे. तोवर आमच्या घरी मासा म्हणजे बाजारातून आणलेली तलावातली मरळ, आणि मरळ करावी तर थोरलीनंच, म्हणजे मी. बारा वर्षं सासूबाई आल्यागेल्याला हेच सांगत होत्या. पहिला बांगडा खाल्ला आणि म्हणाल्या, "लई ग्वाड लागतंय की! मरळीला कुठं अशी चव?"

तेव्हा माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. जळले मी, उगाच कशाला लपवू.

जाऊ बाळंतपणाला माहेरी गेली त्या वर्षीही तिच्या वडिलांनी आठवणीनं डबा धाडला. म्हटलं, आता दाखवते. आमचा येसर मसाला घातला, मरळीला देते तशी मोठ्या आचेवर सणसणीत उकळी दिली. पातेल्यात काटे आणि गाळ उरला. सासूबाईंनी लोणचं मागितलं.

मग मी पेपर बघायला लागले. देशात यंदा बांगडा किती सापडला, याची बातमी वर्षातून एकदा तरी यायची. कधी वाढला, कधी घटला. घटला असं आलं की मी ती स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायची, तोंड सुतकी ठेवून. आतून उकळ्या फुटत असायच्या. समुद्र मी आजवर पाहिलेला नाही, पण त्याचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटायचं.

आणि दोन हिवाळे डबा आलाच नाही. "थोरलीच्या हाताला चव हाय," सासूबाई पुन्हा म्हणायला लागल्या. मी पुन्हा हवेत.

यंदा बातमी आली, देशभरात बांगडा वाढला. म्हणजे डबा पुन्हा येणार. पेपराची घडी करून पिठाच्या डब्याखाली सारली.

तिसऱ्या दिवशी भाकरीचं पीठ काढताना ती घडी जाऊच्या हाती लागली. तिनं उभ्यानंच सगळं वाचलं. मी मोरीपाशी मरळ साफ करत बसले होते.

"ताई, हे तुम्ही ठेवलंत?"

मी मान डोलावली.

"वाढलाय तो दुसऱ्या किनाऱ्यांवर. आमच्याकडं जाळी रिकामीच येतात. बाबांनी गेल्या महिन्यात होडी विकली. मी इथं कुणाला बोलले नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. "मला वाचून वाईट वाटेल म्हणून लपवलंत ना? या घरात माझं मन तुम्हालाच कळतं."

"व्हय," मी म्हणाले, आणि मरळीचे खवले काढत राहिले.