सम्यकच्या उष्टावणाला: नागपूर, पांढुर्णा, सौंसर

१४ डिसेंबर, शनिवार. सकाळी सव्वासहाला घर सोडलं. रेल्वेने पांढुर्णा, दहाच्या सुमारास पोचलो. मुक्काम राहुलकडे. सांची दोनदा रडली, सम्यक एकदा. थंडी बरीच. दुधाच्या पावडरचा डबा घरीच राहिला.

त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं होतं. इथे जरा सविस्तर लिहितो. निघण्याआधी मी दोन लहान लेकरांना घेऊन एकट्या बापाने प्रवास कसा करायचा हे शोधत होतो. जे सापडलं ते सगळं आई सोबत असणाऱ्यांसाठी होतं.

सांची सव्वातीन वर्षांची आहे, सम्यक साडेसहा महिन्यांचा. त्यांची आई, शीतल, जुलैत गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं संपलं. सम्यक तेव्हा दीड महिन्याचा होता.

सौंसर हे शीतलचं माहेर. तिथे माझ्या सासूबाई एकट्या राहतात आणि अंगणवाडी सांभाळतात. शीतल गेल्यावर त्या दोन महिने आमच्याकडे नागपूरला राहिल्या, मग नोकरीमुळे परत गेल्या. आता मी ऑफिसला गेलो की शेजारच्या काकू दोघांना बघतात. डिसेंबर लागल्यावर सासूबाईंचा फोन आला. पौर्णिमेला सम्यकचं उष्टावण करू, मामाच्या हातून अन्नाचा पहिला घास देऊ, आणि मग त्याला सौंसरलाच राहू द्या.

"सांची मोठी हाय, तिचं तुमच्यानं होते," त्या म्हणाल्या. "तान्हं लेकरू बाप्याच्या हातानं नाही होत, जवाई."

मी बरं म्हणालो. म्हणून या प्रवासात दोन बॅगा होत्या. एक माझी आणि सांचीची. दुसरी फक्त सम्यकची, त्याच्या सगळ्या कपड्यांची, लसीच्या कार्डासकट.

एक गोष्ट मी फोनवर सांगितली नाही. सम्यक त्या फोनच्या तीन दिवस आधीपासून जेवायला लागला होता. त्याने एका संध्याकाळी सांचीच्या ताटात हात घालून वरणभात तोंडात कोंबला. सहा महिने झालेच होते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्यासाठी वेगळं शिजवू लागलो. पहिला घास मामानेच द्यायचा असतो हे मला माहीत नव्हतं. सांचीच्या उष्टावणाच्या वेळी मी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होतो. मला फक्त फोटो आला होता. आता पौर्णिमा ठरली, शेजारणींना बोलावणं गेलं, आणि मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला सोपं जातं.

सौंसरला थेट बस आहे, पण मामाला सोबत घ्यायचं म्हणून आधी पांढुर्णा गाठलं. नागपूरहून तिथे रेल्वे बरी पडते. जनरलचं तिकीट शंभराच्या आत आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण मग जागाही नाही. सम्यकला मी छातीशी पट्ट्यांनी बांधून घेतलं होतं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहिले. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांनी ही एक वस्तू नक्की घ्यावी. गरम पाण्याचा थर्मास, दोन बाटल्या, चार-पाच डायपर आणि एक जुना टॉवेल वरच्या खिशात ठेवावा. मी हे सगळं ठेवलं होतं. फक्त पावडर विसरलो.

समोर एक म्हाताऱ्या बाई संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काटोल येईपर्यंत त्या आमच्याकडे नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "एकटेच घेऊन चालले का जी लेकरं? यायची माय कुठी हाय?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात सांची म्हणाली, "आई नाही आहे. आम्ही मामाकडे चाललो. मामा बाळाला खीर चारणार आहे."

बाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग बाजूला सरकल्या. "ये इकडं, बस माह्यापाशी." नरखेडपर्यंत त्यांनी सांचीला संत्र्याची एकेक फोड सोलून, बी काढून भरवली. उतरताना मला म्हणाल्या, "टोपी खाली वढा लेकराची. कानाले हवा लागून राहिली." आणि गेल्या.

पांढुर्ण्याला राहुल स्टेशनवर आला होता. हा शीतलचा धाकटा भाऊ. इथे शाळेत शिक्षक आहे, लग्न व्हायचं आहे, एका खोलीत भाड्याने राहतो. त्याने सांचीला खांद्यावर घेतलं आणि आधी पोहे खायला नेलं. पांढुर्ण्यात सकाळी कुठल्याही हातगाडीवर तर्री-पोहे मिळतात. तर्री, म्हणजे वरून ओततात तो रस्सा, तिखट असते. लेकरांसाठी वेगळे कोरडे मागून घ्यावेत, वरून शेव. सांचीने शेव खाल्ली, पोहे माझ्या प्लेटमध्ये टाकले.

खोलीवर पोचल्यावर डब्याचं लक्षात आलं. राहुल लगेच गाडी काढून मेडिकल शोधायला निघाला. इकडे सम्यकने सूर धरला. पंधरा मिनिटं मी त्याला खांद्यावर घेऊन फिरलो. ओट्यावर राहुलने सकाळी लावलेला कुकर होता. मी वाटीत थोडा भात घेतला, वरणाचं वरचं पाणी टाकून बोटांनी कुस्करला आणि भरवायला बसलो. चौथा-पाचवा घास असेल, तेव्हा राहुल पावडरचा डबा घेऊन दारात उभा होता.

"हे काय करून राहिले भाऊजी?"

मी बोट तिथेच थांबवलं. सम्यक तोंड उघडं ठेवून वाट बघत होता.

"भूक लागली होती त्याला."

"अन् उद्या मी काय करू? नाटक?"

"हो," मी म्हणालो.

तो इतका हसला की सांची पण हसायला लागली. "आईले मालूम झालं ना, मले बी घरात घेनार नाही. नावाचाच मामा राहिलो मी." मग तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. "सरका. कसं देता ते दाखवा." मी दाखवलं. त्याने एक घास दिला, सम्यकने त्याचं बोट हिरड्यांनी घट्ट धरून ठेवलं.

बोट सोडवत राहुलने विचारलं, "मंग ठेवता याले सौंसरले?"

"आईंनी सांगितलंय."

"आईनं काय सांगतलं ते मले मालूम हाय. मी तुमाले इचारून राहिलो."

मी वाटी धुवायला उठलो.

१५ डिसेंबर, रविवार. पांढुर्ण्याहून सौंसरला बसने तासाभराचा रस्ता आहे. माणशी साठेक रुपये पडतात. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मध्ये कापूस. या दिवसांत झाडं फळांनी वाकलेली दिसतात. बसायला मिळालं तर खिडकी धरावी. जामसावळीला बस भरली. हनुमानाच्या दर्शनाहून परतणारी बरीच माणसं चढली आणि एका काकांनी सांचीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तिने तो सौंसर येईपर्यंत चघळला. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि परतताना पट्टे रिकामे असतील, सांचीचा हात धरायला सोपं जाईल, असा हिशेब करत होतो. मग तो हिशेब करावासा वाटेना.

सासूबाईंनी घर धुऊन काढलं होतं. आतल्या खोलीत नवा पाळणा टांगला होता, वर निळी मच्छरदाणी. खाली प्लास्टिकचा टब, त्यात नवा साबण, तेलाची बाटली. मी बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "छिंदवाड्याहून मागवली मच्छरदानी. इथं भेटत नाही अशी."

अकरा वाजता शेजारच्या चार-पाच बायका आल्या. मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. सम्यकला राहुलच्या मांडीवर दिलं. सासूबाईंनी स्टीलच्या वाटीत तांदळाची खीर आणली आणि नवा छोटा चमचा.

"हळू दे रे," त्या राहुलला म्हणाल्या. "पहिल्यानं थुंकते लेकरू. घाबरजो नको."

राहुलने चमचा पुढे केला. सम्यक थुंकला नाही. त्याने आ वासला, खीर घेतली, जिभेने फिरवली, गिळली आणि दोन्ही हातांनी राहुलच्या मनगटाला धरून चमचा परत ओढला. बायका हसल्या. "बाप्पा, याले तं सवय हाय!" एक जण म्हणाली. राहुल माझ्याकडे बघेना. आणि सांची त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावू लागली, "मामा, चमच्याने नको. तो बोटाने खातो. बाबा रोज बोटाने देतात. काल तू पण दिलं ना."

 सासूबाईंनी वाटी खाली ठेवली, सांचीला एक घास दिला, आणि "चला, साऱ्याइले खीर घ्या" म्हणत आत गेल्या.

जेवणं झाली. वांग्याचं भरीत, भाकर, खीर. बायका गेल्या. राहुल सांचीला घेऊन बाहेर गेला, मला वाटतं मुद्दामच. मी सम्यकला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. सासूबाई पातेलं खरवडत होत्या.

"कधीपासून?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"दोन तारखेपासून."

"काय देता?"

"मूगडाळ आणि तांदूळ. मऊ शिजवून. अर्धा चमचा तूप. मधून गाजर. सकाळी केळं."

"मीठ?"

"नाही."

"मिक्सरमधून काढता?"

"नाही. हाताने कुस्करतो. मिक्सरने चावायची सवय लागत नाही."

त्या वळल्या. "कोनं सांगतलं हे तुमाले?"

"तुम्हीच. नागपूरला होता तेव्हा फोनवर कोणाला तरी समजावत होता. मी भांडी घासत होतो. नंतर वहीत लिहून घेतलं."

"ते तं बोरगावची पोट्टी होती," त्या म्हणाल्या. "तीन डाव सांगतलं मी तिले. तिनं नाही ऐकलं. अन् ऐकलं कोनं, तं जवायानं." पदराने हात पुसून त्यांनी फळीवरून अंगणवाडीचा वजनकाटा काढला, दाराच्या कडीला अडकवला आणि सम्यकला त्याच्या कापडी झोळीत बसवलं. काटा सात किलोच्या पुढे गेला. त्यांनी त्याला बाहेर काढलं, काटा तपासला, पुन्हा बसवलं. तेवढंच. कार्ड मागितलं. त्यावर टिंब दिलं आणि ते हिरव्या पट्ट्यात आलं.

"रोज रातच्याले मधातच जाग येते मले," त्या कार्डाकडे बघत म्हणाल्या. "वाटे, पोट्टं उपाशी तं नसन. यायले सुधरत तं नसनच काही."

"आई, पहिला घास मामाचा असतो हे मला माहीत नव्हतं."

"जाऊ द्या. मीच गावभर सांगत फिरते का सहा महिने झाले की चारा, थांबू नोका. तुमाले कोन्या तोंडानं बोलू?"

मग मी म्हणालो. किती दिवसांपासून म्हणायचं होतं ते तिथे, त्या दारात, सम्यक झोळीत झुलत असताना म्हणालो. "मी त्याला परत नेऊ का?"

त्यांनी सम्यकला झोळीतून काढून छातीशी घेतलं. त्याचं डोकं हुंगलं.  "चहा ठेवते," एवढंच म्हणाल्या. चहा ठेवतानाही त्याला खाली दिलं नाही.

त्या रात्री सम्यक नव्या पाळण्यात झोपला. सांची आजीच्या कुशीत. मला झोप लागली, हे लिहायला बरं वाटत नाही, पण लागली.

१६ डिसेंबर, सोमवार. सकाळी उठलो तर सासूबाईंची आवराआवर झाली होती. खाटेवर एकच बॅग भरलेली होती, फुगलेली. वर सांचीचे मोजे, खाली सम्यकची झबली, एकात एक. दुसऱ्या बॅगेत संत्री भरली होती.

"पाळणा राहू द्या टांगलेला," मी म्हणालो.

"मी कायले काढते? आला का झोपन."

सौंसरहून नागपूरला दोन तासांत बस पोचते. लोधीखेड्यावरून रेल्वेही आहे, पण आम्हाला वेळ जुळली नाही. स्टँडवर सासूबाई खिडकीखाली उभ्या होत्या. सांचीने विचारलं, "आजी, तू का नाही येत?" त्या म्हणाल्या, "माह्या शाळेत चाळीस पोट्टे हायेत, त्यायले कोन चारन?" मग मला म्हणाल्या, "दुसऱ्या शनिवारी येते मी. अन् अंडं चालू करा आता. पिवळं आधी. पांढरं मंग." बस निघाल्यावर हात हलवला नाही. पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. बोरगावचे कारखाने मागे पडेपर्यंत मी सम्यकच्या टोपीकडेच बघत होतो.

एकच्या आधी घरी पोचलो.

या सहलीत बघण्यासारखं काय आहे असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. संत्र्याच्या बागा डिसेंबर-जानेवारीत बघाव्यात. पोहे चांगले. लेकरांना घेऊन मोठा पल्ला एका दिवसात करू नये, मध्ये कोणाकडे तरी थांबावं. पावडरचा डबा सगळ्यात आधी भरावा. माझं म्हणाल तर, मी एक लेकरू सोडायला गेलो आणि घेऊन आलो. ज्यांच्या घरातून आणलं त्यांचीही मुलगी गेली आहे, हे मला तिथे जाईपर्यंत नीट समजलं नव्हतं. मी इतके महिने फक्त माझंच गेलं असं धरून बसलो होतो.

मंगळवारी पहाटे सम्यकने अंथरूण ओलं केलं. ऑफिसला जायच्या आधी मी मोठी चादर धुऊन गच्चीवर टाकली. संध्याकाळी आलो तेव्हा दोघं काकूंकडे खेळत होते. त्यांना आणायच्या आधी गच्चीवर गेलो. चादर वाळून कडक झाली होती. डबल बेडची आहे, तिची घडी घालायला आम्ही दोघं लागायचो. एक टोक हनुवटीखाली धरलं, दोन्ही हात लांब करून कडा जुळवल्या, खालचं टोक जमिनीला लागू न देता वर घेतलं. पहिली घडी वाकडी आली. उलगडून पुन्हा घातली.