ओढ्याला दारं लावणारे चाचा

वाहून जाणाऱ्या पाण्याचा चाचांएवढा राग येणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हे दोस्त निलंग्यात पत्र्याच्या पेट्या बनवतात आणि फुटक्या घागरींना डाक लावतात. गळती बुजवणं हा त्यांचा धंदा, आणि तो दुकान बंद झाल्यावरही बंद होत नाही. एसटी स्टँडावरचा नळ ठिबकताना दिसला की चाचा गाडी चुकवतील, पण नळाला चिंधी बांधल्याशिवाय हलणार नाहीत. मला बघायला पाहुणे आले तेव्हा बैठक ऐन रंगात होती आणि चाचा आमच्या न्हाणीघरात नळाला दोरा गुंडाळत होते. बाहेर येऊन त्यांनी मुलाला पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या घरचा नळ गळतो का?" तो बिचारा म्हणाला, "बघावं लागेल." चाचा माझ्या कानाशी लागले, "पोरगा खरं बोलतो. हाव म्हण." मी हो म्हटलं, आणि अजून तरी पस्तावलेली नाही.

असा माणूस आमच्या गावच्या बंधाऱ्याला मिळाला. ओढ्यात ओळीनं खांब आहेत, खांबांना खाचा आहेत. पावसाळाभर त्या रिकाम्या ठेवून पूर जाऊ द्यायचा आणि पाऊस सरला की त्यांत लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवायचं. या फळ्यांना आम्ही दारं म्हणतो. एकदा गंजलेलं दार दुरुस्त करायला चाचा आले आणि आमचेच झाले. दारं चोरीला जातात म्हणून उन्हाळा संपला की ती त्यांच्या दुकानात. गिऱ्हाईक त्या दारांवरच बसतं. त्यांनी फटींमध्ये काळी माती ठासायला सुरुवात केली आणि विहिरींना मे महिन्यातही पाणी राहू लागलं. काठावर गवत आलं, करंज वाढले, कधी न दिसलेला खंड्या तारेवर बसू लागला. कोसभरावरून घागर आणायची माझी पाळी संपली आणि मी शाळेत टिकले. घरातली पहिली पदवी माझी. तिच्यात त्या काळ्या मातीचा वाटा आहे.

दोन वर्षांपूर्वी मात्र चाचांची घाई नडली. पोळा झाला, आठ दिवस ऊन पडलं, आणि त्यांना राहवेना. "अजून पाऊस हाय," दादा म्हणाले. "अरे, डोळ्यांसमोर पाणी जाऊन राहिलंय अन् मी बघत बसू?" त्यांनी दारं लावली. चौथ्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस कोसळला. अडलेलं पाणी काठ कापून बाजूनं निघालं आणि नेमकी दादांच्या शेताची माती घेऊन गेलं. चाचा दादांसमोर हात जोडून उभे राहिले. "दोस्ता, तुझी माती म्या घालवली. आता दारांना हात लावणार न्हाई."

गेल्या वर्षी दसरा झाला, ओढ्याची धार बारीक झाली, तरी खाचा रिकाम्याच. चाचांनी टेम्पोतून दारं पाठवली होती, स्वतः आले नव्हते. चार माणसांचं काम, पण दादांनी गावाला बजावलं होतं, "चाचा येईपर्यंत न्हाई." मी नांदेडहून, सासरून, फोन केला, "दादा, उन्हाळाभराचं पाणी चाललंय!" "जाऊ दे," ते म्हणाले. ज्याची माती गेली त्यानंच असं म्हटल्यावर गाव काय बोलणार?

शेवटी मी निलंगा गाठलं. चाचा पत्रा ठोकत होते. मान वर न करता म्हणाले, "लावली असतील दारं."

"नाही."

"कुणी अडवलंय?"

"दादांनी. तुमच्यासाठी थांबलेत."

हातोडा थांबला. पुढच्या एसटीनं आम्ही निघालो. ओढ्यावर पोचताच चाचा सगळ्यांवर बरसले, "लई शहाणे झाले का रे? पाणी चाललंय अन् तोंडं काय बघून राहिले!" मग गावानं दगड-माती भरून सांधलेल्या त्या काठाकडे नजर गेली आणि आवाज खाली आला. जन्मात कोणाला न विचारणाऱ्या त्या माणसानं दादांना विचारलं, "लावू का?"

"तूच लावावीस म्हणून तर थांबलो," दादा म्हणाले.

दोघांनी मिळून पहिलं दार उचललं. पावलापावलाला टेकवत त्यांनी ते खाचेपर्यंत नेलं. काठावर तरणे गडी उभे होते, पण ते दार खाचेत बसेपर्यंत एकही जण पुढे झाला नाही.